ओ-ब्रियों : माती, नाव आणि किंमत

१० एप्रिल १६६३ रोजी लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरील ‘रॉयल ओक’ या मद्यगृहात सॅम्युएल पीप्स नावाच्या आरमारी खात्यातील अधिकाऱ्याने एक फ्रेंच वाइन घेतली आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे रोजनिशीत तिची नोंद केली. नाव त्याने कानावर पडले तसे लिहिले, ‘हो ब्रायन’. चव चांगली आहे, अगदी निराळी आहे, अशी आजवर कधी चाखली नव्हती, असा त्या छोट्याशा नोंदीचा आशय आहे. त्याच एप्रिल महिन्यात इकडे पुण्यात शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाएस्तेखानाची बोटे छाटली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. काळ डोळ्यांसमोर यावा एवढ्यासाठी ही आठवण.

मी पीप्सच्या रोजनिशीकडे वळलो तो मुंबईसाठी. दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहात १६६१ च्या तहान्वये मुंबई बेट आंदण मिळाले आणि पीप्स आरमारी कचेरीत असल्यामुळे त्या व्यवहाराचे पडसाद त्याच्या नोंदींत उमटले आहेत. ते शोधताना ही वाइन भेटली आणि मग सुटेना. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की, याच चार्ल्स राजाच्या तळघराच्या हिशेबात १६६०-६१ मध्येच ‘होब्रियोनो’च्या १६९ बाटल्या मांडलेल्या आहेत. ज्या राजाच्या पदरात मुंबई पडली, त्याच्या पंक्तीला ही वाइन त्याआधीच पोहोचली होती.

मला या नोंदींत कुतूहल वाटले ते चवीचे नव्हे, नावाचे. तोवर वाइन ओळखली जाई ती बंदरावरून, प्रांतावरून, फार तर रंगावरून. बोर्दोची वाइन, ऱ्हाइनची वाइन, कानरी बेटांची वाइन. कोणत्या शेतातली, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे आणि ते विचारण्याची त्याला गरजही वाटत नसे. पीप्सने मात्र एका विशिष्ट मळ्याचे नाव लिहिले. उच्चार चुकला असेल, पण नाव मळ्याचे आहे. बोर्दोच्या एखाद्या मळ्याच्या वाइनचे चाखणाऱ्याने स्वतः लिहून ठेवलेले वर्णन म्हणून वाइनचे इतिहासकार या नोंदीला इतके महत्त्व देतात. एका शेताच्या नावाला किंमत कशी येते, ती किंमत मातीची असते की नावाची, हा प्रश्न तिथून सुरू होतो. गेली साडेतीनशे वर्षे ओ-ब्रियोंचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन नदीच्या काठी बोर्दो हे बंदर आहे. ११५२ मध्ये अक्वितेन प्रांताची वारस एलिनॉर हिने हेन्री प्लांटाजेनेटशी लग्न केले, दोनच वर्षांत हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दोचा प्रदेश इंग्रजी राजसत्तेखाली आला. तो १४५३ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे तसाच राहिला. या काळात दरवर्षी शरद ऋतूत पिंपे लादलेली गलबते बोर्दोहून इंग्लंडला जात. इंग्रज या वाइनला ‘क्लॅरेट’ म्हणू लागले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ फिकट, नितळ. ती वाइन आजच्यासारखी गडद नव्हती आणि टिकणारीही नव्हती. नवी वाइन बाजारात आली की, गेल्या वर्षीच्या वाइनचा भाव कोसळे. वर्षभरात ती आंबट होऊ लागे. जुनी वाइन म्हणजे उत्तम, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी समजूत त्या काळी उलटी होती.

अशा बाजारात पोंताक घराणे पुढे आले. ते मूळचे व्यापारी; पुढे पदे मिळवून न्यायदरबारात शिरलेले. ज्यां द पोंताक याचे १५२५ मध्ये लग्न झाले तेव्हा पत्नीच्या हुंड्यातून त्याला पेसाक गावाजवळची काही जमीन मिळाली. १५३३ मध्ये त्याने ओ-ब्रियोंची जहागिरी विकत घेतली आणि १५४९ मध्ये तिथे वाड्याचे बांधकाम सुरू केले. फ्रेंचमध्ये अशा वाड्याला शातो म्हणतात आणि बोर्दोत पुढे मळ्यालाच शातो म्हणण्याची पद्धत पडली. हा ज्यां शंभरी ओलांडून १५८९ मध्ये वारला. तीन लग्ने, मोठा गोतावळा आणि एवढे आयुष्य, त्यामुळे एकेक तुकडा जोडत सलग मळा उभा करायला त्याला सवड मिळाली. जमिनीचे तुकडे होत जाण्याच्या कहाण्या आपल्याला घरोघरी ठाऊक आहेत. इथे एका माणसाच्या हयातीत ते जुळत गेले.

नाव मात्र त्याच्या वंशजाने केले. तिसरा आर्नो द पोंताक हा बोर्दोच्या पार्लमेंटचा, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा, पहिला अध्यक्ष होता. पैसा, पद आणि ग्रंथसंग्रह या तिन्हींसाठी तो नावाजलेला होता. त्याच्या काळात ओ-ब्रियोंच्या तळघरात जी कामे नेमाने होऊ लागली, ती आज कोणत्याही चांगल्या वाइनरीत नित्याची आहेत. पिंपातली वाइन लाकडातून उडून कमी होते आणि रिकाम्या जागेत हवा शिरते. म्हणून पिंप वरचेवर काठोकाठ भरायचे. तळाशी गाळ बसतो; म्हणून वरची नितळ वाइन अलगद दुसऱ्या पिंपात काढायची. पिंप वापरण्याआधी आत गंधकाची वात जाळायची, म्हणजे वाइन नासत नाही. ही शेवटची युक्ती डच व्यापाऱ्यांकडून आलेली. यात जादू काही नव्हती, कष्ट आणि सातत्य होते. परिणाम असा की, वाइन गडद झाली, टिकू लागली आणि मुरल्यावर अधिक चांगली लागू लागली. लंडनच्या बाजारात तिला ‘नवे फ्रेंच क्लॅरेट’ म्हणू लागले.

पोंताकांच्या मालकीचे इतरही मळे होते. मेदोक भागातला सेंत-एस्तेफचा पेझ हा मळा त्यांचाच. वाइनचे इतिहासकार असे सांगतात की, इतर मळ्यांची वाइन ‘पोंताक’ या घराण्याच्या नावाने विकली जाई आणि ओ-ब्रियोंचे नाव फक्त ओ-ब्रियोंच्या वाइनला लावले जाई. लंडनच्या गिऱ्हाइकांनी पुढे दोन्ही नावांची सरमिसळ केली ती गोष्ट वेगळी. पण कोणत्या पिंपावर ते नाव घालायचे नाही, हे आधी ठरले होते, एवढे लक्षात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

१६६६ मध्ये लंडन आगीत भस्मसात झाले. शहर नव्याने उभे राहत असताना आर्नोचा मुलगा फ्रांस्वा-ओग्युस्त याने तिथे एक खाणावळ सुरू करवली. ‘पोंटॅक्स हेड’ या नावाने ती ओळखली जाई आणि तिच्या पाटीवर पोंताकचा मुखवटा होता. लंडनमधल्या साध्या मद्यगृहांपेक्षा ती पुष्कळ महाग होती आणि महाग असणे हेच तिचे आकर्षण होते. रॉयल सोसायटीच्या शास्त्रज्ञांची वार्षिक मेजवानी अनेक वर्षे तिथे होत असे. जोनाथन स्विफ्टने १७११ मध्ये तिथे जेवण केले आणि सात शिलिंगांना एक सुरई हा भाव मालक स्वस्त म्हणून सांगतो, याची टर उडवली. आजच्या भाषेत सांगायचे तर उत्पादकाने परदेशातल्या राजधानीत स्वतःचे दालन उघडले होते. मळा बोर्दोत होता, पण नाव घडत होते लंडनमध्ये.

या नावाची पहिली परीक्षा घेतली ती एका तत्त्वज्ञाने. जॉन लॉक प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये राहत असताना मे १६७७ मध्ये ओ-ब्रियोंचा मळा पाहायला गेला. जमीन पाहून तो चकित झाला. पांढरी वाळू आणि तीत थोडी खडी. या जमिनीत काही उगवेल असे वाटू नये. उतार पश्चिमेकडे. मधे फक्त एक चर, चराच्या पलीकडे दुसऱ्याचा मळा, माती दिसायला तंतोतंत तशीच. तरी पलीकडची वाइन या तोडीची नाही, असे व्यापाऱ्यांनी त्याला खात्रीने सांगितले.

मातीच्या महिम्याचा पुरावा म्हणून लॉकच्या टिपणाचा हा भाग नेहमी दिला जातो. मला दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. एक, चराच्या पलीकडची वाइन कमअस्सल आहे हे लॉकने स्वतः चाखून ठरवलेले नाही. ते व्यापाऱ्यांचे सांगणे आहे आणि त्या नावावर व्यापाऱ्यांचा नफा अवलंबून होता. दोन, त्याच लॉकने किमतीविषयीही लिहून ठेवले आहे आणि तो भाग मातीवाल्या मंडळींकडून क्वचितच सांगितला जातो. बोर्दोतल्या उत्तम वाइनच्या मोठ्या पिंपाचा भाव काही वर्षांपूर्वी ५० ते ६० क्राउन होता, तो आता ८० ते १०० वर गेला आहे. आणि याचे श्रेय इंग्रजांनी आपल्याच मूर्खपणाला द्यावे, असे तो म्हणतो. लंडनचे शौकीन ‘वाटेल त्या भावाने सर्वोत्तम पाठवा’ अशा मागण्या धाडतात आणि आपसातल्या चढाओढीने भाव चढवतात. म्हणजे एका माणसाच्या एकाच प्रवासातल्या टिपणांत दोन्ही उत्तरे आहेत. माती, आणि हौस.

मातीची बाजू खोटी नाही. या सगळ्या भागाचे नावच ‘ग्राव’, म्हणजे खडी. पिरेनीज पर्वतातून गारोन नदीने हजारो वर्षांत वाहून आणलेले गारगोटीचे खडे इथे थरांनी साचले आहेत. बोर्दोला समुद्र जवळ असल्याने पाऊस भरपूर. खडीतून तो झरझर निचरतो. वेलीला पाण्यासाठी मुळे खोल न्यावी लागतात. खडे दिवसा तापतात आणि रात्री ऊब देतात. जमीन हलकी असल्यामुळे वेल माजत नाही, घड थोडे आणि मणी बारीक येतात, रस दाट निघतो. नाशिक किंवा तासगावचा बागायतदार हे वाचून मान डोलावेल. भारी काळ्या जमिनीत वेल फोफावते आणि माल निकस येतो, हा त्याचाही अनुभव असतो. ओ-ब्रियोंत मेर्लो, काबेर्ने सोविन्यों आणि काबेर्ने फ्रां या जाती आहेत, त्यात मेर्लोचे प्रमाण मेदोकच्या बड्या मळ्यांपेक्षा जास्त. जाणकार तिच्या चवीत धूर, तंबाखू आणि तापलेली माती ओळखतात.

पण अशी खडी बोर्दोच्या परिसरात मैलोगणती पसरली आहे. रस्त्यापलीकडच्या ‘ला मिसियों ओ-ब्रियों’ या मळ्याचेच उदाहरण घ्या. क्रांतीपूर्वी तो लाझारिस्त धर्मसंघाच्या पाद्र्यांकडे होता. आज या दोन मळ्यांच्या वाइन जाणकार एकमेकींच्या तोडीच्या मानतात आणि कुठले साल कुणाचे सरस यावर वाद घालतात. चर मातीत होता त्यापेक्षा मालकीत अधिक होता, असे म्हणायला जागा आहे.

मालकीचेही स्थैर्य टिकले नाही. अठराव्या शतकात वारशाने मळा फ्युमेल घराण्याकडे गेला. २५ मे १७८७ रोजी अमेरिकेचा फ्रान्समधला वकील थॉमस जेफरसन इथे आला. त्यानेही खडकाळ वाळू न्याहाळली आणि आपल्या घरच्यांसाठी वाइनही मागवली. दोनच वर्षांत क्रांती झाली. मालक जोसेफ द फ्युमेल काही काळ बोर्दोचा महापौर होता, पण १७९४ मध्ये त्याला गिलोटिनखाली जावे लागले. पुढे १८०१ ते १८०४ या काळात मळा तालेरां या मुरब्बी परराष्ट्रमंत्र्याच्या मालकीचा होता. मग सावकार आले, व्यापारी आले आणि १८३६ मध्ये लारियो घराणे आले. मालक बदलले, राजवटी बदलल्या, एकाचे तर शिरही गेले. मळ्याचे नाव तेच राहिले आणि लंडनमधला भावही.

या भावाला १८५५ मध्ये सरकारी शिक्का मिळाला. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरवले आणि बोर्दोच्या व्यापारी मंडळाने तिथे मांडण्यासाठी दलालांच्या संघाकडे उत्तम वाइनची यादी मागितली. दलालांनी अवघ्या दोन आठवड्यांत, १८ एप्रिलला, यादी हातात ठेवली. तांबड्या वाइनच्या सुमारे ६० मळ्यांची पाच वर्गांत विभागणी होती. पहिल्या वर्गात चारच नावे: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (मराठी वाचकाला यातले दुसरे नाव ओळखीचे वाटेल, तो केवळ उच्चाराचा योगायोग.) पहिले तिन्ही मळे मेदोकचे. यादीत मेदोकबाहेरचा तांबड्या वाइनचा मळा एकच, ओ-ब्रियों. त्याला वगळणे दलालांना शक्यच नव्हते.

इतक्या झटपट यादी झाली, कारण दलालांनी एकही बाटली उघडली नाही. त्यांनी आपल्या वह्या उघडल्या. अनेक वर्षे कोणता मळा कोणत्या भावाने विकला गेला, यावरून वर्ग ठरले. म्हणजे लॉक ज्याला इंग्रजांचा मूर्खपणा म्हणत होता, त्याचीच पावणेदोनशे वर्षांनी गुणवत्तायादी झाली. आणि एकदा यादी झाल्यावर भाव तिच्यावरून ठरू लागले. भावावरून यादी आणि यादीवरून भाव, असे हे रहाट आजही फिरते आहे. त्या यादीत पुढे मोठा असा बदल एकदाच झाला. १९७३ मध्ये मूटों-रोथशिल्ड हा मळा दुसऱ्या वर्गातून पहिल्यात आला.

एवढ्यावर थांबलो तर निष्कर्ष सोपा निघतो: नाव म्हणजे दलालांचा खेळ. पण इतिहास इथे वळण घेतो. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा ही मुळे कुरतडणारी बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये आली आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या बहुतेक बागा तिने उजाड केल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानवेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत. म्हणून अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करायचे. टेक्सासच्या रानवेलींनीही त्यात मोठा हातभार लावला. याच आयातीबरोबर दुसरा रोग शिरला, ज्याला आपले बागायतदार केवडा म्हणतात. त्यावरचा उतारा मेदोकच्या रस्त्यांवर मिळाला. वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी मारत असत. नेमक्या त्याच वेली रोगातून वाचतात, हे बोर्दोचे वनस्पतिशास्त्रज्ञ आलेक्सी मियार्दे यांनी हेरले आणि १८८५ मध्ये त्यांनी या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली.

हेच ते बोर्डो मिश्रण. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांतून ते आजही फवारले जाते आणि त्या नावात फ्रान्समधले एक शहर दडले आहे, याची फवारणाऱ्याला बहुधा कल्पनाही नसते. क्षारपड जमीन आणि तुटपुंजे पाणी यांवर उपाय म्हणून आपल्याकडे जो डॉगरिज खुंट लावतात, तोही टेक्सासच्या रानवेलींच्या कुळातला. बोर्दो आणि महाराष्ट्र यांच्यातला द्राक्षाचा खरा धागा वाइनच्या पेल्यातून जात नाही; तो फवारणीच्या पंपातून आणि कलमाच्या गाठीतून जातो.

ओ-ब्रियोंच्या प्रश्नाला यामुळे नवी धार येते. ज्या मातीचा एवढा गौरव, तिच्यात आता मुळे अमेरिकन आहेत. पोंताकांच्या वेली गेल्या, त्यांची मुळे गेली, मालक तर कधीच गेले. मग ‘तेच ओ-ब्रियों’ असे आपण कशाच्या बळावर म्हणतो?

याचे उत्तर मला विसाव्या शतकात सापडते. १९३५ मध्ये मंदीच्या काळात क्लॅरन्स डिलन या अमेरिकन बँकरने मळा विकत घेतला. हा माणूसही जन्माने टेक्सासचाच. आज त्याचे वंशज मालक आहेत आणि ला मिसियोंही १९८३ पासून त्यांच्याच ताब्यात आहे. लॉकला दाखवलेल्यासारख्या सीमेचा एक तुकडा असा मालकीपुरता बुजला. पण मळ्यावर राबणारे घराणे वेगळे आहे, देल्मास. ज्योर्ज देल्मास १९२० च्या दशकात कारभारी म्हणून आले, १९६१ पासून मुलगा ज्यां-बेर्नार आणि २००३ पासून नातू ज्यां-फिलीप यांनी काम पाहिले. ज्यां-बेर्नार यांनी सूत्रे घेतली त्याच वर्षी, मानांकित मळ्यांत सर्वांच्या आधी, ओकच्या जुन्या टाक्या काढून त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बसवल्या, कारण त्यात आंबवणीचे तापमान ताब्यात ठेवता येते. पुढे त्यांनी मळ्यातल्या उत्तम वेली निवडून त्यांचीच रोपे करण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले. परंपरेचा एवढा मोठा मळा, पण सुधारणेला पहिला.

आणि एक पद्धत. दरवर्षी वेगवेगळ्या तुकड्यांची वाइन वेगळी मुरते, मग ती चाखून कोणते पिंप ओ-ब्रियोंत जाईल हे ठरते. जे बसत नाही ते दुसऱ्या नावाने बाटलीत भरतात. पूर्वी ते नाव ‘बाआं ओ-ब्रियों’ होते, २००७ च्या हंगामापासून ‘ल क्लारांस’ आहे. त्यात माती तीच, वेली त्याच, मजूर तेच. तरीही त्या बाटलीवर पहिले नाव लागत नाही आणि तिला पुष्कळ कमी दाम येतो. मालक स्वतःच्या मालाला नकार देतो. पोंताकांनी इतर मळ्यांची पिंपे या नावापासून दूर ठेवली, तीच शिस्त आता मळ्याच्या आत आली आहे.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबले झाकून तांबड्या वाइन चाखल्या. कॅलिफोर्नियाची एक वाइन पहिली आली आणि फ्रान्स हादरले. ओ-ब्रियोंचे १९७० चे साल दहांत चौथे होते. दोन्ही पक्षांना यातून हवे ते काढता येते: नावाचा दरारा फसवा, किंवा नाव झाकूनही वाइन पहिल्या चारांत. मला ते तसेच ठेवावेसे वाटते.

आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना, कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही कल्पना मुळात फ्रान्सच्या वाइनच्या कायद्यांतून जगभर गेली. मानांकन मिळाले की सत्कार होतात, बातम्या येतात आणि मग रस्त्याकडेच्या पेट्यांत परप्रांतीचा आंबा देवगड म्हणून विकला जातो. आपण मातीचा पुरावा गोळा करतो, नकाशे काढतो, प्रमाणपत्र भिंतीवर लावतो. ते आवश्यकच आहे. पण ओ-ब्रियोंच्या इतिहासातून मला दिसते ते असे की, माती संधी देते, बाजार किंमत देतो आणि नाव टिकते ते कशाला लावायचे नाही हे दरवर्षी ठरवणाऱ्या माणसांमुळे. त्यात तोटा सोसावा लागतो, आणि तो सोसायला घरचाच कुणी तयार असावा लागतो.

आज पेसाक हे बोर्दोचे उपनगर झाले आहे. घरे, रस्ते आणि रहदारी यांच्या मधोमध सुमारे ५० हेक्टरांचा हा मळा उभा आहे. त्या जमिनीवर इमारती बांधल्या असत्या तर किती पैसे आले असते, हा हिशेब तिथेही कुणीतरी मांडला असेलच. खडी अजून तशीच आहे, आणि दर सप्टेंबरात तोडणीची माणसे कात्र्या घेऊन वेलींच्या रांगांत शिरतात.